यादी आठ हातांची, करणारे दोन

श्रावण लागला की आपल्याकडे जी धावपळ सुरू होते ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाही. राखी, गणपती, गौरी, मग पितृपक्षातल्या तिथी, घट बसायच्या आधी सगळं घर उपसून काढायचं, मग घट, दसरा, मध्येच मुलांची सहामाही, आणि ती संपते न संपते तोवर दिवाळी दारात. ज्यांच्या ऑफिसात सप्टेंबरअखेरचं क्लोजिंग असतं त्यांच्या तर गणपती आणि क्लोजिंग एकदमच अंगावर येतात. त्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं किंवा मुलगा दहावीला असला की बघायलाच नको. आणि नेमके याच दिवसांत मोबाईलवर सल्ले यायला लागतात की स्वतःला थोडी सूट द्या, सगळं परफेक्ट व्हायलाच पाहिजे असं नाही, प्रायॉरिटी ठरवा, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा.

सल्ला चुकीचा नाहीये, मला तो मनापासून पटतो. पण तो अर्धा आहे. तो फक्त बाईच्या कानात सांगितला जातो, बाकीच्या घराला, नातेवाइकांना, ऑफिसला कुणी काहीच सांगत नाही. तिनं मनातल्या मनात ठरवलं की यंदा अनारसे करायचे नाहीत, तरी भाऊबीजेला आलेली आत्या ताट बघून विचारतेच, "अगं, अनारसे नाही केलेस?" आणि तिनं स्वतःला दिलेली सगळी सूट त्या एका वाक्यात संपते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ही सूट एकटीनं घेऊन पुरत नाही, ती घरातल्या सगळ्यांनी बसून, तोंडानं बोलून, सण यायच्या आधीच ठरवावी लागते.

अनारशाचंच घ्या ना. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरून तो पुरता वाळायच्या आत कुटायचा, चाळायचा, गूळ घालून मळायचा आणि ते पीठ डब्यात चार-पाच दिवस मुरत ठेवायचं. तळायच्या दिवशी खसखशीवर एकेक थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. गूळ जरा जास्त झाला की अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरघळून पसरतो, आणि आठवडाभराची मेहनत कढईच्या तळाशी जाते. हा एक पदार्थ झाला. चकलीच्या भाजणीत तांदूळ वेगळा भाजायचा, हरभरा डाळ वेगळी, उडीद वेगळा, मूग वेगळा, धने-जिरे वेगळे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. करंज्यांचं सारण आदल्या दिवशी, शेवेचा सोऱ्या, चिवड्याचे पोहे उन्हात घालून ठेवायचे. ज्यांना हे मनापासून आवडतं त्यांनी जरूर करावं, मला स्वतःला करंज्या करायला आवडतात आणि मी त्या करत राहणार आहे. प्रश्न असा आहे की ही यादी बनली कुठे?

ही यादी बनली ती ज्या घरात आजी होती, दोन काकू होत्या, बाळंतपणाला आलेली आत्या होती, हाताशी आलेल्या चार मुली होत्या, त्या घरात. वाड्यात आणि चाळीत तर शेजारणी एकमेकींकडे जायच्या, आज तुमच्याकडच्या चकल्या, उद्या आमच्याकडच्या करंज्या, दुपारची जेवणं उरकली की चार-पाच जणी पोळपाट-लाटणी घेऊन बसायच्या आणि गप्पा मारत मारत संध्याकाळपर्यंत दोन डबे भरायचे. आठ हातांसाठी केलेली यादी होती ती. आज घर दोन खोल्यांचं, नवराबायको दोघं नोकरी करणारे, शेजारीण सकाळी साडेसातची लोकल पकडणारी, आणि यादी मात्र तशीच्या तशी. तशीच तरी कुठे, ती वाढलीये. नवरात्रात रोजच्या रंगाची साडी ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली गोष्ट आहे, गणपतीच्या डेकोरेशनला थीम हवी हे आत्ता आत्ताचं आहे, हळदीकुंकवाला दरवर्षी नवीन वाण आणि वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक मुलाला रिटर्न गिफ्ट ही पण भर पडलेलीच आहे. जुन्यातलं काही कमी केलं नाही आणि नवीन सगळं घेतलं, हात मात्र आठाचे दोन झाले.

"आमच्या वेळी आम्ही नाही का केलं सगळं?" असं ज्या म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे की हो, केलंत, आणि त्याची जाणीव आम्हाला आहे. पण तुमच्यातल्या बहुतेकींनी ते एकट्यानं केलं नाही, आणि ज्यांना एकट्यानं करावं लागलं त्यांना एकदा निवांत बसवून विचारा की सणाच्या दिवशी गरम पुरणपोळी त्यांच्या ताटात कधी पडली होती. माझी आई ज्या पिढीतली आहे त्या पिढीतल्या कितीतरी बायका आता मोकळेपणानं सांगतात की सण म्हटलं की त्यांना पाठदुखी आठवते. हे ऐकून पण आपण सुनेकडून तेच मागत असू तर त्याला परंपरा जपणं म्हणता येणार नाही.

आता कुणी म्हणेल की हल्ली पुरुष मदत करतात की. करतात, काही घरांत खरंच करतात, आणि चांगलंच आहे. पण आकडे बघा. सरकारच्या सांख्यिकी खात्यानं 2019 मध्ये देशभर टाइम यूज सर्व्हे केला, लोक दिवसाचे 24 तास कशात घालवतात त्याचा. ज्या बायका घरकाम करतात त्यांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जातो आणि जे पुरुष करतात त्यांचा 97 मिनिटं, असं त्यात निघालं. खरी मेख पुढे आहे. त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या बायका 81 टक्के होत्या आणि पुरुष 26 टक्के, म्हणजे ती 97 मिनिटंसुद्धा चारातल्या एकाचीच. 2024 मध्ये हाच सर्व्हे परत झाला, तेव्हा बायकांची 289 मिनिटं झाली आणि पुरुषांची 88. मधल्या पाच वर्षांत लॉकडाऊन येऊन गेला, सगळं घर दिवसभर घरात होतं, भांडी घासणाऱ्या नवऱ्यांचे फोटो सगळीकडे फिरले, आणि शेवटी हिशोब हा असा. हे रोजचे साधे दिवस आहेत बरं का, गौरी-गणपती यावर वेगळे.

म्हणून मला "तुझ्या प्रायॉरिटी ठरव" हे वाक्य एकट्या बाईला सांगितलेलं आवडत नाही. ज्या माणसाकडे पाच तासांचं न टळणारं काम आधीच लावून दिलंय ते कशाची प्रायॉरिटी ठरवणार, उरलेल्या अर्ध्या तासाची? झोप आधी की व्यायाम आधी, एवढंच तिच्या हातात राहतं.

आणि हे फक्त घरांचं नाही, कायदे पण तसेच विचार करतात. 2017 मध्ये बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघर सक्तीचं झालं, हे मोठंच पाऊल होतं. पण बापाला खासगी नोकरीत कायद्यानं एक दिवसाची पण रजा नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात तेवढेच. आपल्या राज्य सरकारनं 2018 मध्ये कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती पण महिलांना, आणि पुरुषांमध्ये फक्त त्यांना ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली आहे. म्हणजे धडधाकट आई घरात असताना बापानं मुलाच्या दहावीसाठी किंवा आजारपणासाठी रजा घ्यावी हे शासनाच्या डोक्यातच आलं नाही. ही अट काढून टाकायला हवी असं मला ठामपणे वाटतं. आणि म्हाताऱ्या आईवडिलांसाठी तर खासगी नोकरीत कायद्यानं ठरवून दिलेली वेगळी रजाच नाही, चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच होते तरी.

उलट वारं दुसऱ्याच दिशेनं वाहतंय. 2023 मध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हणाले. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं आठवड्याला 90 तास काम करावं असं बोलणं बाहेर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं दुकानं आणि खासगी आस्थापनांमधली रोजची कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 आणि कारखान्यांमधली 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. ओव्हरटाइमचे पैसे मिळतील, ते मिळायलाच हवेत. पण 70 तास म्हणजे रविवार धरून रोजचे 10, त्यात मुंबईसारख्या शहरात जायचे-यायचे दोन-तीन, मग त्या माणसाचा डबा कोण भरणार, त्याच्या आईला डॉक्टरकडे कोण नेणार, मुलाचा अभ्यास कोण घेणार? कुणीतरी घरात असेल हे त्या 70 तासांच्या हिशोबात गृहीत धरलेलं आहे, आणि ते कुणीतरी कोण हे सगळ्यांना माहिती आहे.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती धर्माचं नाव पुढे केलं की. कारण आपल्या पूजेत जेवढी मुभा आहे तेवढी नातेवाइकांच्या बोलण्यात पण नाही. गणपती बसवताना गुरुजी काय म्हणतात ते यंदा नीट ऐका. संकल्पातच म्हणतात, यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः, म्हणजे मला जेवढं कळतं त्याप्रमाणे आणि जे साहित्य मिळालंय त्यानं पूजा करतो. पुढे एकेक उपचार येतो, वस्त्र म्हणून कापसाचं वस्त्र वाहतो, आणि दागिना नसला तर गुरुजी अगदी सहज म्हणतात, अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि, आणि आपण चार अक्षता वाहतो, झालं. दागिन्याच्या जागी अक्षता, उपवस्त्राच्या जागी अक्षता, गणपतीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि शेवटी मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं म्हणून हात जोडतो, म्हणजे मंत्र चुकले, क्रिया राहिली, भक्ती पण कमी पडली असेल, तरी हे पूर्ण झालं असं मानून घे. राहून जाणारच हे पूजा रचणाऱ्यांनी धरूनच ठेवलेलं आहे, आणि ज्या घरात ही प्रार्थना म्हटली जाते त्याच घरात बाहेरून मोदक आणले म्हणून सुनेला दोन दिवस ऐकावं लागतं.

गौरींचं पण बघा. कुणाकडे उभ्याच्या गौरी, मुखवटे, साड्या, दागिने, पुढे फराळाची आरास. कुणाकडे नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेल्या खड्यांच्या. कुणाकडे तेरड्याच्या. कोकणात कित्येक घरांत तिखटाचा नैवेद्य, देशावर पुरणाचा आणि सोळा भाज्यांचा. आणि ज्या दिवशी त्या घरात येतात त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी नैवेद्य असतो साध्या भाजी-भाकरीचा. एकच एक बरोबर पद्धत असती तर एवढे प्रकार झालेच नसते, ज्या घराला जे झेपलं आणि जे मिळालं तसं ते करत गेलं आणि पुढे त्यालाच आपण रीत म्हणायला लागलो. परदेशातली महाराष्ट्र मंडळं गणपती सोयीच्या वीकएंडला करतात, कारण बुधवारी सुट्टी नसते, आणि तिथल्या मुलांना आरत्या पाठ आहेत. आणि आईवडिलांची सेवा चालू आहे म्हणून पुंडलिकानं दारात आलेल्या विठ्ठलाला वीट फेकून थांबायला सांगितलं, त्या गोष्टीवर आपलं अख्खं पंढरपूर उभं आहे. सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन असताना सोळा भाज्या राहिल्या तर त्याच्यात कमीपणा कसला?

शहरातल्या नोकरदार बाईबद्दलच बोललं जातं, पण गावाकडचं गणित याहून अवघड आहे. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनची काढणी आणि मळणी नेमकी दसरा-दिवाळीच्या तोंडावर येते, मागोमाग कापसाची वेचणी, आणि वेचणी म्हणजे जवळपास सगळं बायकांचंच काम. दिवसभर वाकून कापूस वेचलेली बाई रात्री चुलीपुढे बसून लाडू वळते. तिला कुणी स्वतःसाठी अर्धा तास काढ असं सांगायला पण जात नाही. पण तिच्याच गावात एक जुनी पद्धत आहे जिचं मला फार मोल वाटतं. एखाद्याचं शेत मागं पडलं की गावकरी आपापले बैल-औत घेऊन जायचे, एका दिवसात त्याचं रान करून द्यायचे आणि तो सगळ्यांना जेवू घालायचा, याला इर्जिक म्हणायचे. सावडीनं पण कामं व्हायची, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. तू मागं का पडलास असं तिथे विचारत नव्हते, काम किती उरलंय एवढंच बघत होते. शेतासाठी जे सुचलं ते चुलीसाठी का सुचू नये? बिल्डिंगमधल्या चार घरांनी मिळून एका रविवारी फराळ करायला काय हरकत आहे, पुरुषांसकट, म्हणजे भाजणी दळून आणणं आणि गॅस सिलिंडर बदलणं एवढ्यापुरतं नाही, तळायला पण.

मग नक्की करायचं काय, तर श्रावणातच एकदा घरातल्या सगळ्यांनी बसायचं आणि यंदा काय सोडायचं ते मोठ्यानं सांगायचं. काय करायचं याची यादी सगळ्यांकडे असते, काय नाही करायचं हे कुणीच बोलत नाही म्हणून सगळं गळ्यात पडतं. यंदा मुलगी बारावीला आहे, तर पाहुण्यांना दिवाळीत जेवायला बोलावणार नाही, फराळाला या. यंदा बाबांचं डायलिसिस चालू आहे, तर गणपती दीड दिवसाचाच, आणि पाच दिवसांचा परत कधी ते पुढच्या वर्षी बघू. हे नातेवाइकांना आधीच कळवायचं, आणि ज्याचे नातेवाईक त्यानं कळवायचं, म्हणजे आत्याला भाच्यानं सांगायचं, सुनेनं नाही. ज्याला एखादी गोष्ट हवीच आहे, त्याशिवाय सण वाटतच नाही, त्यानं ती स्वतः करायची किंवा विकत आणायची, पण दुसऱ्यानं करावी म्हणून हट्ट धरायचा नाही. हा नियम कडक आहे, मला माहितीये, पण तो लावून बघा, अर्धी यादी आपोआप गळते आणि जे उरतं ते खरंच कुणाच्या तरी आवडीचं असतं.

विकत आणण्याबद्दल लाज बाळगायचं कारण नाही. दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या बायका, बचत गट, एकट्यानं घर चालवणाऱ्या काकू, त्यांची वर्षाची मोठी कमाई याच पंधरा दिवसांत होते. तीच करंजी घरात केली तर ते कर्तव्य आणि त्यांनी केली तर तिला किलोचा भाव, म्हणजे कामाला किंमत आहे हे आपल्यालाही कळतंच. मात्र एक गोष्ट पाळायला हवी. आपली सूट आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या अंगावर ढकलायची नाही. गौरी त्यांच्याकडे पण बसतात, दिवाळी त्यांच्या पोरांना पण असते, आणि "सणाचं तेवढं दांडी मारू नका हं" हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो. त्यांच्या सुट्टीचे दिवस घरातल्या त्याच बैठकीत ठरायला हवेत, पगारी.

राहिला मुलांचा मुद्दा, की असं सगळं सोडत गेलो तर त्यांना सण कळणार कसे. हा मुद्दा मला खरा वाटतो, त्याची काळजी मलाही आहे. पण मुलांना काय आठवतं ते त्यांनाच विचारा. पहाटे अंधारात लावलेलं उटणं, गॅलरीतला आकाशकंदील, आणि किल्ला. दगड-माती गोळा करायची, पोत्यावर चिखल लिंपायचा, हळीव आणि मोहरी पेरायची, मावळे मांडायचे, चार दिवस हातपाय चिखलात. आता बाजारात तयार किल्ले मिळतात, गाडीतून उतरवायचा आणि गॅलरीत ठेवायचा, कितीतरी घरांत तेच येतात कारण बाबांना वेळ नसतो. मला घरचाच किल्ला आवडतो, पण तयार किल्ला आणला म्हणून एखाद्या बापाला भाऊबीजेच्या दिवशी चारचौघांत "अरे, किल्ला नाही केलास?" असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही, सगळे समजून घेतात, ऑफिसचं काम असेल म्हणतात, मुलं त्याच किल्ल्यावर मावळे मांडून खेळतात. विकतच्या चकलीला एवढंच समजून घ्या.